मागचा डोळा

हेल्मेटवर दोन भिंगांचा कॅमेरा.
एक डोळा पुढे, एक मागे,
मधे मी, आहे तशी.
निंबाळकर गोठेतून सायकल काढली तेव्हा साडेसहा.
धुकं इतकं, की समोरचा दूधवाला
आधी नुसती घंटी म्हणून आला,
मग माणूस म्हणून.
दौलतगंजच्या कोपऱ्यावर कढईत पहिली बेडई पडत होती.
शेकोटीपाशी बसलेल्या पोराने विचारलं,
"दीदी, ये सींग क्यों लगाया?"
म्हटलं, मामा के लिए.
त्याला ते पटलं.

त्र्यंबकमामा गेल्या फाल्गुनापासून पलंगावर.
कंबर मोडली ती घरच्या न्हाणीत,
चालत्या गाडीत चढता-उतरताना नव्हे,
हे तो येईल त्याला बजावून सांगतो,
जणू रेल्वेवर कुणी आळ घेतलाय.
छोट्या रुळांच्या गाडीचा गार्ड होता तो,
ग्वाल्हेर ते श्योपूर.
टपावर माणसं, शेळ्या, एकदा तर अख्खी वरात.
आता गाडी नाही, रूळ नाहीत,
आणि मामाच्या खिडकीतून दिसते ती
समोरच्यांची पाण्याची टाकी.

म्हणून मी त्याला शहर दाखवायला निघाले होते.
बाड्यावर दोन फेऱ्या मारल्या,
पहिल्या फेरीत पोस्टाचं घड्याळ धुक्यात हरवलं होतं.
फालका बाजार, शिंद्यांची छावणी, फुलबाग.
पडावच्या पुलावर थांबले मुद्दाम,
किल्ला धुक्यातून वर येईपर्यंत,
आणि मोठ्यांदा म्हटलं, मामा, बघ!
शेजारून जाणारा टेम्पोवाला दचकला.

दुपारी फोन त्याच्या हातात दिला.
बोट फिरव, म्हटलं, हवं तिकडे बघता येतं.
त्याने बोट फिरवलं. एकदाच.
जग गर्रकन वळलं आणि पाठमोरं झालं,
मग पूर्ण एक्कावन्न मिनिटं तसंच राहिलं.

फोनमधली मी ओरडत होते, किल्ला बघ, किल्ला!
मामा बघत होता
गजकवाल्याचं अर्धवट वर गेलेलं शटर,
बाड्यावरचं एक लंगडं कुत्रं,
आणि ते शेकोटीचं पोरगं,
जे वळणापर्यंत माझ्यामागे पळत आलं होतं
दोन्ही हातांची शिंगं करून.
मला पत्ताच नाही.

तेविसाव्या मिनिटाला तो किंचाळला,
"ओढणी! चाकात जातेय!"
मी त्याच्या उशाशी उभी होते, धडधाकट,
तरी हात गळ्याकडे गेला.

"अरे, पुढे बघ की कधीतरी," मी म्हटलं.
"पुढचं बघायला ड्रायव्हर असतो," तो म्हणाला.
"शेवटचा माणूस चढला की राहिला,
ते कुणी बघायचं?"

एकाच ठिकाणी अडला.
पडावच्या पुलावर मफलरवाला एक म्हातारा
चालता चालता अर्धा झाला आणि मग नाहीच.
मी समजावलं: दोन डोळे जोडतात तिथे शिवण असते,
शिवणीत कधी कधी माणूस सापडतो.
मामाने तीनदा मागे नेऊन पाहिलं.
"असा कसा नाहीसा होईल? तिकीट घेतलेला माणूस."
त्या रात्री तो नीट जेवला नाही.

सकाळी मला फर्मान:
आज घोसीपुरा. जिथून रूळ उपटले ती जागा.
सावकाश जा. त्या म्हाताऱ्याचीही चौकशी कर.
मी हो म्हटलं, कशाची चौकशी करणार होते देव जाणे,
आणि पाठ फिरवून निघाले.

रात्री एकटीने फोन उघडला,
त्याच्यासारखंच बोट फिरवलं.
मागे लहान होत जाणारं आमचं दार,
वर खिडकी,
खिडकीच्या गजांतून बाहेर आलेला एक हात
आणि हातात मामीचं भांडी पुसायचं हिरवं फडकं.
हलवत नव्हता. धरून होता नुसतं,
सरळ,
मी वळेपर्यंत.

उशाच्या वहीत नोंदही सापडली:
सुटली सहा बत्तीस.
दोन मिनिटं लेट.
कारण: धुकं.