अडीच फेऱ्या

टेपचं शून्याचं टोक माझ्या हातात.
कोतवालाकडे तेच असते.
दुसरं टोक टेंभुर्णे साहेबांकडे,
मधे हिवरधऱ्याची ई-क्लास,
कागदावर चार एकर सतरा गुंठे,
त्यातले सतरा उकिरड्यांनी कधीच खाल्लेले.

नकाशा काढला मतदारयादीच्या कोऱ्या बाजूवर.
उन्हात धरला की मागची नावं वर येतात:
कबड्डीच्या चौकोनात अख्खा वॉर्ड तीन,
खो-खोच्या खांबाखाली एक मयत मतदार.

यादीही आता पुरत नाही.
धरणात गेलेली दोन गावं आमच्या शेजारी येऊन वसली,
पत्रे आणले, देव आणले, दारांच्या चौकटी आणल्या,
आणि आट्यापाट्याची आपापली रीत.
पोट्टे पहिला महिना नुसते भांडले.
आता चौथीच रीत निघाली आहे,
ती कोणत्याच गावची नाही.
खेळायला जागा तेवढी एकच,
जिनिंगमागची, सरकीच्या वासाची पट्टी.
आणि पळायला डांबरी रस्ता,
पहाटे चारला, ट्रकच्या उजेडात.

होळीनंतर एका ट्रॅक्टरनं दोन पोरींना नालीत उतरवलं.
खरचटण्यावर निभावलं,
म्हणून ग्रामसभा भरली.
उर्मिलाताईंनी विचारलं, काय काय पाहिजे?
क्रिकेट, म्हणाले अर्धे.
उरलेले अर्धेही क्रिकेटच म्हणाले, पण हळू.
बायांनी मागितली फिरायला वाट, अन् आडोसा.
झिबलकाका आत्रामांनी काहीच मागितलं नाही,
इतकंच विचारलं,
"मंग गाई कुठून नेऊ?"

साहेबांची पेन्सिल थांबली.
बारा फूट गाईंना,
सहा फूट बायांच्या वाटेला,
चारशे मीटरची धावपट्टी
आखडत आखडत तीनशे वीसवर आली.
साहेब हळहळले, जसं कुणी त्यांच्याच अंगणातून कापलं.

मे महिना. टेप हाताला पोळत होती.
फक्कीची रेघ बाभळीला वळसा घालून
परत माझ्या पायाशी आली
तेव्हा अश्लेषा गेडाम उकिडवी बसून
काडीनं मातीत हिशेब करत होती.

"पोट्ट्यायचे सोळाशे. पाच फेऱ्या, बराबर.
गेटापाशी सुटते, गेटापाशी संपते.
आमचे आठशे.
अडीच."

"मग?"

"मग आमचं संपते तिकडं."
तिनं काडी बाभळीकडे केली.

नकाशात तिकडं काहीच नव्हतं.
पायऱ्या गेटाशी, शेड गेटाशी,
पाण्याची टाकी गेटाशी,
निधी देणाऱ्याच्या नावाची पाटीसुद्धा.

साहेब हुशार माणूस. म्हणाले,
"तुम्ही बाभळीपासून सुटा,
म्हणजे गेटाशी संपेल."

"अन् सुटतानी आमाले कोण पाह्यते?"

खोडरबर नव्हतं कुणाकडे.
शेड राहिली तिथंच,
बाभळीपाशी एक लहान चौकोन वाढला.
आत काय, ते साहेबांनी लिहिलं नाही.
दोनदा पेन टेकवला, उचलला.
कागद मंजुरीला गेला.
येईल तेव्हा येईल.

फक्की दवानं पुसते. मी पुन्हा टाकतो.
हे कोतवालाच्या कामात बसते की नाही,
तहसीलला विचारलेलं नाही.
पहाटे बॅटरी घेऊन उभा असतो बाभळीखाली,
शेजारी झिबलकाका, गाई,
एका गाईच्या गळ्यातलं लाकडी ठोकं.

एक फेरी.
दुसरीला श्वास ऐकू येतो, माणूस नाही.
मग अर्धी,
ती सगळ्यात लांब.

मी मोबाईलवर सेकंद मोजतो.
तीन मिनिटं आठ. काल अकरा होते.
काकांना घड्याळ जमत नाही.
ते गाईंना हातानं मागे सारतात
आणि अंधाराकडे बघून म्हणतात,
आली.