बावीस

‘गॅस संपलाय, मॅडम,’ तौफिक म्हणाला.
एक पाय खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर,
एक माझ्या खोलीत.

संपलाय म्हणजे? बंद नळीतला गॅस,
तो काही डब्यातली साखर नाही. गेला कुठे?
त्याने पाना हवेत नुसताच फिरवला:
कन्नमवारनगरच्या गच्च्या, पलीकडे तिवरं,
खाडीवर साचलेला पिवळट उजेड.

एकतीस वर्षं मी किमान तापमान लिहिलं.
कुलाब्याला, पांढऱ्या झडपांच्या पेटीपुढे वाकून.
आडव्या नळीतली काळी काडी
रात्र जिथवर उतरली तिथे थांबलेली असे.
पारा चढला की पेपरवाल्यांचे फोन.
रात्र किती उतरली, कुणी विचारत नसे.
काडी वर्षागणिक जरा आधीच थांबू लागली,
गुडघे दुखणाऱ्या बाईने
जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या सोडून द्याव्यात तशी.
साहेबांना म्हटलं.
ते म्हणाले, सरासरी काढा.

‘पाइप गळतोय. उरलेला सोडून देतो, मग टाका मारतो.’
‘सोडून म्हणजे हवेत?’
‘मग काय घरी नेऊ?’

हसलो दोघंही.
मला ठाऊक होतं. रंग नाही, वास नाही,
गिरणीच्या धुराकडे दाखवायचो तसं बोट दाखवता येत नाही.
तापलेली जमीन रात्री जे परत करू बघते
ते हा मध्येच ठेवून घेतो,
कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ दोन हजार पट.
‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं.
पाठीवरून घामाची ओळ उतरली.
म्हणाले, ‘चहा घेणार?’

फुस्स.
दहा-बारा सेकंद. पितळी तोंडाशी इवलंसं हिव धरलं.

‘बावीस नंबरचा गॅस,’ भरताना तो म्हणाला,
‘आता सहजी मिळत नाही.’
त्याची खोली साकीनाक्याला, पत्र्याची.
पत्रा निवेपर्यंत सगळे गल्लीत बसतात.
‘किती वाजता निवतो?’
‘अब्बांच्या वेळी बारा. आता अडीच.’
रजिस्टर नसताना
इतकं चोख कुणी सांगितलं नव्हतं मला.

तो गेल्यावर रिमोट घेतला. बावीस.
एकेकाळी मार्चमधल्या पहाटेचा आकडा,
माझ्याच हातचा, निळ्या शाईतला,
कितीतरी पानांवर.

खोली उतरू लागली.
बाहेर मशीन गरम श्वास टाकत होतं
हेगडेबाईंच्या जाळीवर.
आत त्यांची धाकटी पालथी पडून गणितं सोडवत होती.
तिने उठून खिडकी लावून घेतली.