वयाचा रकाना

ला दीगच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा बैलगाडीवाला म्हणाला,
"कासवं मोजायला आलात? पळून नाही जात ती.
आधी लिंबूपाणी घ्या."

हातात सरकारी अर्ज, मोजपट्टी,
चिप टोचायची जाड सुई,
आणि यादीतलं शेवटचं घर:
फ्लाव्हियेन लारू, नीरफणसाच्या झाडामागे.

नाव: बातिस.
लिंग: नर.
पाठीची लांबी, वळणावरून: एकशे एकवीस सेंटिमीटर.
वय:

"लिहा," फ्लाव्हियेन म्हणाली, आणि थांबली.
कसावाची सोललेली मुळं पाण्यात टाकत राहिली.

"माझी आजी ओझेरीन जन्मली त्या आठवड्यात
तिच्या बापानं ह्याला आणलं, टोपीत घालून.
तेव्हा रीतच होती आमच्यात:
मुलगी झाली की कासवाचं पिल्लू पाळायचं,
दोघांना बरोबरीनं वाढवायचं,
आणि तिच्या लग्नात त्याचा रस्सा.
आजीचा नवरामुलगा खोबऱ्याच्या गलबतावर गेला
तो गेलाच.
लग्न राहिलं.
पोरं झाली, चार. बाप वेगवेगळे,
त्याचं इथं कुणाला काही नाही.
पण लग्न नाही तर जेवणावळ नाही,
आणि ह्याची मान शाबूत.

आईच्या लग्नात सहा गडी लागले, तरी हा हलेना.
ऑक्टोपसचं कालवण वाढलं शेवटी.

माझ्या वेळी मात्र मामानं सुरा परजला.
पहाटे. कंदील घेऊन गेला.
ह्याला वाटलं, कुणी मान खाजवायला आलंय.
चारी पायांवर ताठ उभा राहिला
आणि मान काढली, अशी, लांब,
औषध टोचून घ्यायला
बाही सरकवून कुणी हात पुढे करावा तशी.
मामा बराच वेळ नुसता उभा.
मग सुऱ्याची बोथट बाजू
हळूहळू फिरवली त्यानं ह्याच्या गळ्यावरून,
वर खाली, वर खाली.
ह्यानं डोळे मिटले.
लग्नात आम्ही डाळ खाल्ली."

मी पाठीवरची वलयं शोधत होतो.
मोजता येतात म्हणतात.
पण त्याच एका खडकाला अंग घासून घासून,
चार पिढ्यांची पोरं वर बसून,
पाठ झालेली झिजल्या पाट्यासारखी.
टाकी लावायला कोण येणार?

"आजीचं जन्मसाल?"
"चर्चच्या वहीला वाळवी लागली.
आजी मेली तेव्हा झेंडा दुसरा होता.
आई गेली ती समुद्र अंगणात आला त्या डिसेंबरात.
हाही गेला होता, पाण्यावर तरंगत, तीन घरं पलीकडे.
चौथ्या दिवशी आपला आपण चालत आला.
आई नाही आली."

शंभर? एकशे पंचवीस?
'अंदाजे' लिहिलं. खोडलं.

मागच्या डाव्या पायात सुई टोचली.
त्यानं मान आत ओढली, फुस्स केलं,
ओझेरीनच्या काळातली हवा
आत्ता कुठे बाहेर सोडावी तसं.

"टिकते किती ही चिप?"
"पंचवीस वर्षांची हमी."
"आणि मग?"
"येईल कुणीतरी बदलायला. मी नसेन तेव्हा नोकरीत."

अठ्ठ्याहत्तरची फ्लाव्हियेन पदराशी नव्हे,
मांडीवरच्या पिठाच्या पोत्याला हात पुसत हसली,
"मला कशाला सांगता? त्याला सांगा.
मुक्कामाला तोच आहे."

धक्क्यावर भोंगा वाजला. शेवटची बोट.
रकाना रिकामा तसाच घेऊन
मी पळत सुटलो.