व्हिनेगर

डबा उघडला आणि आधी वास आला.
जुनी फिल्म सडू लागली की असाच येतो,
आंबट, नाकात चढणारा.
प्रयोगशाळेतला पोरगा म्हणाला, सिन्योरा, संपलंय हे,
हात लावू नका.
एर्मेते असता तर म्हणाला असता,
आई आली.

कोमाक्कियोच्या खाडीकाठी
त्याची आई वाम माशांच्या कारखान्यात होती.
सळईवर ओवलेले मासे, आगीत टपटपणारी चरबी,
मग पिंपं, मीठ, तमालपत्र, व्हिनेगर.
रविवारी चर्चला जाताना ती लिंबाने हात घासायची,
तरी बाकावरच्या बायका हातभर सरकून बसायच्या.

हे त्याने मला रोममध्ये सांगितलं, एका तळघरात,
जिथे मी दुसऱ्यांचे सिनेमे कापत होते
आणि तो दुसऱ्यांचे सिनेमे लिहीत होता.
ग्लॅडिएटरांचे. वर्षाला सात.
पैसे रोख, नाव कुठेच नाही.
एकदा सिंह म्हातारा निघाला, आखाड्यातच झोपला.
एर्मेतेने जेवता जेवता कागदी रुमालावर लिहिलं:
नायक सिंहाला क्षमा करतो.
लोक रडले म्हणे.

मग स्वतःचा पहिला.
शरदातल्या अवसेच्या रात्री वादळ सुटलं
की वाम समुद्राकडे निघते आणि बोरूच्या सापळ्यात शिरते.
त्याला तीच रात्र हवी होती, तोच वारा,
आणि बांधावरून चालणारा स्वतःचा बाप.
प्रिमो फेल्लेत्ती बारा वेळा चालला.
तेराव्यांदा खाली बसला, म्हणाला,
कुठं पोचायचंय ते सांग,
म्हणजे एकदाच जातो.

दोन मिनिटांची चाल होती ती.
निर्माता बिस्साकी मनगटावरचं घड्याळ ठोकत म्हणाला,
चाळीस सेकंद.
मी कापली.
कात्री माझीच होती, दुसऱ्या कोणावर ढकलू?
एर्मेते माझ्यामागे उभा होता.
कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

रोममध्ये तीन दिवस चालला सिनेमा.
फेर्रारात आठवडाभर, कारण तिथे त्याच्या मावश्या होत्या.
एका समीक्षकाने लिहिलं, मासे सहज वावरतात.

दुसरा आईवर. आईने पाहिला नाही.
मला ठाऊक आहे पुढं काय होतं, म्हणाली.
तिसरा फक्त लिहिला. एकतीस वर्षं.
सुरुवात एकच, शेवट दर हिवाळ्यात नवा.
मधल्या काळात साबणाच्या जाहिराती,
आणि खोटं का बोलू, त्या त्याने फार सुंदर केल्या.
दोरीवरची चादर वाऱ्याने फुगते ना,
ते तसं कुणालाच जमलं नाही पुढे.
यश त्याच्या हातावर तुरी देऊन गेलं, वामेसारखं.
हे मी म्हणतेय.
त्याला उपमा आवडत नसत,
लिहिली की तोच खोडायचा.

कापलेली ऐंशी सेकंदं मी फेकली नव्हती.
बिस्किटांच्या डब्यात ठेवली, शिवणाच्या दोऱ्यांखाली.
त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.
आता दोघांचंही राहून गेलं.

फेब्रुवारीत त्याला पुरलं त्याच्याच गावी.
धुकं इतकं की पाद्र्याचा नुसता आवाज येत होता.
नंतर मी एकटीच बांधावर गेले,
पट्टी उजेडासमोर धरली, म्हणजे धुक्यासमोर, तेवढंच होतं.
एकोणीसशे वीस चौकटी.
फिल्म आक्रसलेली, कडा लाटांसारख्या,
अर्ध्या चौकटींत बाप विरून नुसता बांध उरलेला.
उरलेल्यांत तो एक पाय उचलून थांबलाय.
बापाच्या चालीला आईच्या हातांचा वास.

परतीच्या बसमध्ये शेजारची मुलगी
हळूच हातभर सरकली.
हातमोजे पिशवीत होते.
मी ते काढले नाहीत.