पोटखराब

तेहतीस वर्षं मी जमिनी मोजल्या.
आधी साखळी, मग टेबल, शेवटी ते तीन पायांचं मशीन.
आर्वी तालुक्यातले धुरे मला तोंडपाठ.
जिथे पीक येत नाही तिथे लिहायचं : पोटखराब.
नाल्याचा काठ, दगडांचा ढीग,
बोरीची जाळी, बैल बसतो ती जागा,
सगळं एका शब्दात मावायचं,
आणि सही करून आम्ही चहा प्यायचो.

रिटायर झालो तेव्हा घरामागचे तीन गुंठे
आलेख कागदावर काढले. प्रमाण एकास शंभर.
इथे लॉन, इथे फरशी, इथे गुलाबांच्या ओळी,
आणि मोरीमागचा कोपरा
हाताच्या सवयीनेच
तिरप्या रेघांनी भरला. शाईने.

लॉन नागपूरहून आलं, सतरंजीसारखं गुंडाळून.
मे महिन्यात सतरंजीच झालं त्याचं.
फरशी अशी तापायची की कुत्रं
तिच्यावरून उड्या मारत जायचं.
गुलाबांबद्दल न बोललेलं बरं.

शेजारची यमुना मेश्राम कुंपणावरून म्हणाली,
"भाऊ, जागा पाह्यली काय आधी?"
म्हटलं, मोजली.
"मोजली नं. पाह्यली काय?"

तिची एक खुडूक कोंबडी रोज माझ्याकडे यायची.
मी हाकलायचो.
त्या उन्हाळ्यात हाकलायचाही कंटाळा आला,
तर वही घेऊन तिच्या मागे बसलो.
सव्वाबारा : कडुलिंबाखाली, धुळीत अंघोळ.
एक : भिंतीची सावली, एक वीतभर, ती सरकेल तशी हीही.
दोन : मोरीमागे, माझ्या तिरप्या रेघांत,
पोट टेकून, चोच उघडी.
ती उठल्यावर मी तिच्या जागेत हात घातला.
ओल.
अंगणात सत्तेचाळीस, आणि चार बोटांवर ओल.
वीस वर्षं माझ्याच अंगावरून उतरलेलं पाणी
तिथे जाऊन बसत होतं
आणि मला उतार ठाऊक नव्हता.
मला. उतार.

फरशी उचलली. खाली गांडुळं नव्हती, काहीच नव्हतं,
एक जुनं बटण होतं.
वर कुटार टाकलं, पऱ्हाट्या मोडून टाकल्या.
वाळवी आली तसा पावडर घ्यायला निघालो,
यमुना म्हणाली, "तिले सुकं खाऊ द्या भाऊ,
वल्ल्याच्या वाटी जात नाही मंग."
बहुतेक वेळा गेली नाही.
मोरीला आळू. त्याच्या पुढे केळ.
मावळतीला शेवगा, तो ऊन चाळून देतो.
हळद दोनदा सडली, का ते अजून कळलेलं नाही.
तरोटा उपटून फेकत होतो,
तिने कोवळा कोवळा खुडून नेला
आणि संध्याकाळी वाटीभर भाजी आणून ठेवली,
काही न बोलता. ते जास्त लागलं.

दगडांच्या ढिगात मुंगूस राहतं, हे सातव्या महिन्यात दिसलं.
ते तिथे कधीपासून राहतं
याचा कुठल्याच कागदावर फेरफार नाही.

आता रात्री जुने गट नंबर आठवतात.
नत्थूजी ढोल्यांचा नाल्याकाठचा तुकडा,
दहा गुंठे, पोटखराब, सही माझी.
दुसऱ्याच वर्षी त्यांनी जेसीबी लावला होता.
बोरीच्या जाळीतून काय काय उडालं असेल,
मोजणीत ते येत नाही.

परवा बसने गेलो. धुऱ्यावर उभा राहिलो.
म्हातारे झालेत, पण ओळखलं त्यांनी.
"साहेब, पुन्हा मोजणी निघाली का काय?"
म्हटलं, नाही नाही.
थोडा वेळ नाल्याकडे पाहिलं.
मग विचारलं,
कोंबड्या आहेत का हो तुमच्याकडे?