गालावरचा वाघ

आमच्या गावात गालगुंडाला डुकराचं तोंड म्हणत.
चिन-हुईचं तोंड मंगळवारी सकाळी तसं झालं,
आधी डावीकडून.
आई मला म्हणाली, तू माळ्यावर झोपायचं, जाळ्यांपाशी.

ल्याऊ वैद्यांच्या दुकानात मीच गेलो.
भिंतभर खण, एकावरही चिठ्ठी नाही;
हात कधी चुकत नसे, चष्मा मात्र रोज हरवे.
"खारवलेलं आलुबुखार बघून कळवळते का?"
म्हटलं, आम्ही घरात नावही काढत नाही.
जिभेचा रंग विचारला, ताप कधी चढतो,
पोट साफ होतं का, हे सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.
मग म्हणाले, वाऱ्याबरोबर आलेली आग आहे,
कानाखालच्या वाटेवर अडून बसलीय.
मला ती दिसली:
बोळात आडवी अडकलेली हातगाडी.

पुड्या बांधल्या.
सोनं-चांदीची फुलं, पांढरी उमलून पिवळी होणारी.
निळीच्या झाडाचं मूळ, उकळून प्यायला.
त्याच झाडाच्या पानांची नीळ,
तांदळाच्या शिरक्यात कालवून लावायला.

संध्याकाळी स्वतःच आले.
चिन-हुईचे दोन्ही गाल निळे केले, ओघळ पार मानेपर्यंत,
आणि वर कुंचल्याने, काळ्या शाईत,
एकेक वाघ लिहिला.
चित्र नव्हे. अक्षर.
"वाघ डुकराला खातो," तिला म्हणाले,
आणि आईला, हळूच:
"हे पुस्तकात नाही. पण पोर हलत नाही मग, लेप टिकतो."

मला वाघ हवा होता.
रात्री शिडी उतरलो, तिच्या उशीवर डोकं टेकलं,
तिच्या पेल्यातला उरलेला कडू काढा प्यालो.
अठराव्या दिवशी माझा उजवा गाल सुजला.
वैद्यांनी नीळ लावली, कुंचला काढलाच नाही.
"तू डुक्कर हाताला धरून घरी आणलंस," म्हणाले,
"त्याला वाघ काय करणार?"

चिन-हुई आता काओशुंगच्या इस्पितळात
मुलांना लस टोचते.
म्हणते, आठवड्यात सूज उतरलीच असती,
निळीने किंवा निळीशिवाय.
असेल.
पण एखादं मूल रडायचं थांबेना
की ती खिशातलं पेन काढते,
दंडावर कापसाच्या शेजारी काहीतरी लिहिते.
वाघ का, मी विचारलं.
"छे, मांजर. एवढ्याशा दंडावर वाघ कुठे मावतो?"

वाघाच्या अक्षराला आठ रेघा लागतात.
मांजराला दुप्पट.
मी काही बोललो नाही.