खालचा माणूस

चोपड्याच्या जिनिंगमध्ये एकतीस वर्षं
मी शिडी धरली.
वर जाणारे वेगळे. हिलाल मिस्तरी, वायरमन,
पत्रे बसवणारे, दिवाळीआधी चुना मारणारी पोरं.
त्यांचे चेहरे मला नंतर कळायचे, चहाला;
आधी ओळख टाचांची.
हिलालच्या टाचा वैशाखातल्या काळ्या रानासारख्या उललेल्या.
वायरमनच्या डाव्या बुटाचा तळ गुळगुळीत.
म्हटलं, हा बदल, मग चढ.
तो हसला.
मी शिडी भिंतीवरून काढून आडवी केली.
मग त्याने बदलला.

सोपं काम, म्हणतात सगळे. असेल.
चार हात उंचीला एक हात पाय बाहेर.
खाली रुई सांडली असेल तर आधी झाडू,
रुईवरून सरकलेल्याला देवही धरत नाही.
वरचं टोक दोराने बांधायचं, सुतळीने नाही.
आणि चढणाऱ्याला एवढंच:
बेंबी दोन्ही बांबूंच्या मध्ये ठेव भाऊ,
हात पुरत नसेल तर उतर, शिडी सरकवू.
‘इतक्यासाठी उतरू?’
हो. इतक्यासाठीच.

मे महिन्यात प्रेसची लोखंडी शिडी
दुपारी हात लावू देत नाही.
तेव्हा आम्ही पहाटे पाचला सुरू करायचो,
कळण्याची भाकरी फडक्यात, शिडीपासून लांब ठेवून.
लांब, कारण माणूस उतरताना भाकरीकडे बघतो.

एका वर्षी तपासणीला कुणी येणार म्हणून
भंगाळेशेटनी जुन्या बांबूच्या शिडीला हिरवा रंग दिला.
नवी दिसू लागली, जशी मांडवात सगळीच माणसं नवी दिसतात.
मी आठ आण्याचं नाणं घेऊन एकेक कांडं वाजवलं.
सहाव्या पायरीशी आवाज बसका.
रंगाला काय, तो भेगेवरून सरळ पुढे जातो.
पाहुणे आत सरबत पीत होते
तोवर मी करवतीने तिचे तीन तुकडे केले.
आठ दिवसांचा पगार गेला.
तुकडे चुलीत. भाकरीला रंगाचा वास.
बायको दोन दिवस बोलली नाही, मग खूप बोलली.

कुणी पडलं नाही.
म्हणून सांगण्यासारखं काही नाही.
हजेरीबुकात सकाळी कोण आलं ते असतं,
संध्याकाळी आपल्या पायांनी कोण गेलं, ते नसतं.

एकदाच.
विडी पेटवायला वळलो, दहा पावलं.
वरून हिलालची हाक: ‘नाना, शे ना खाले?’
मी धावत आलो, बांबू धरला, म्हटलं, ‘शे ना.’
तो काही बोलला नाही. धीरे उतरला,
चहा निम्मा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला.
त्या रात्री मी खाटेचा पाय धरून झोपलो.

परवा शाल, नारळ, भाषण.
भाषणात शिडीचं नाव नाही आलं.
मग रुबाब तडवी म्हणाला,
नाना, आज तुम्ही चढा, मी धरतो.
पट्टा त्यानेच माझ्या छातीवर आवळला,
वरच्या दोराला हूक लावून ओढून पाहिला. दोनदा.
गुडघ्यांनी नवव्या पायरीपर्यंत साथ दिली.
वाटलं होतं, सातपुडा दिसेल.
दिसली शेजारच्या शेडच्या पत्र्यावर
एक चप्पल. एकच. कुणाची, कधीची.
आणि खाली रुबाबचं डोकं,
मधोमध विरळ, केसांत रुई.
माझंही असंच दिसत असणार इतकी वर्षं;
कुणी सांगितलं नाही.

‘रुबाब,’ म्हटलं, ‘शे ना?’

त्याने वर पाहिलं नाही.
शिडीच्या पायावरचा पाय तेवढा
जरा आणखी दाबला.